लिंकनच्या ‘अपयशां’च्या यादीतून १८३४ गेलं कुठे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. ‘१८३१ धंद्यात अपयश. १८३२ निवडणुकीत पराभव. १८३३ पुन्हा धंदा बुडाला. १८३५ प्रेयसीचा मृत्यू. १८३६ मनोरुग्ण, सहा महिने अंथरुणात. १८३८, १८४३, १८४८, १८५५, १८५६, १८५८ पराभव. १८६० अमेरिकेचा अध्यक्ष! नाव अब्राहम लिंकन.’ खाली हात जोडलेले इमोजी. मुलांना धीर द्या की, पण खोट्या जमाखर्चावर कशाला?

पहिलीच नोंद चुकीची. १८३१ साली इलिनॉय राज्यातल्या न्यू सेलम गावात जे दुकान निघालं ते डेंटन ऑफटचं. लिंकन तिथे नोकर होता. १८३३ची नोंद मात्र खरी. बेरी नावाच्या भागीदाराबरोबर काढलेलं दुकान बुडालं, पुढे बेरी वारला आणि सगळी उधारी लिंकनच्या डोक्यावर आली. वसुलीत त्याची जमीनमोजणीची अवजारंसुद्धा लिलावात गेली. शॉर्ट नावाच्या शेजाऱ्याने ती बोली लावून सोडवली आणि त्यालाच परत दिली. या देण्याला लिंकन थट्टेने ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणायचा. ते त्याने वर्षानुवर्षं फेडलं.

१८३२चा पराभवही खरा आहे. इलिनॉय विधानसभेसाठी सँगमन काउंटीत (जिल्ह्यात) १३ उमेदवार होते, जागा ४, आणि हा २३ वर्षांचा पोरगा आठवा आला. प्रचाराचे दिवस मूळ रहिवाशांविरुद्धच्या ब्लॅक हॉक युद्धाच्या फौजेत गेलेले. तरी न्यू सेलमच्या केंद्रावर ३०० पैकी २७७ मतं त्याचीच. जनतेने थेट मतदानात हरवलं ते एवढं एकदाच, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय.

कारण १८३४ला तो निवडून आला. मग १८३६, १८३८, १८४०. लागोपाठ चार वेळा आमदार, आणि यादीत एकही नाही!

१८३६ची नोंद वाचून तर हसू येतं. यादीतली प्रेयसी म्हणजे अ‍ॅन रटलेज, ती ऑगस्ट १८३५मध्ये गेली, तो खचला, यात शंका नाही. पण डिसेंबरात तो तेव्हाची राजधानी व्हँडेलिया इथल्या विधानसभेच्या अधिवेशनात हजर होता. ज्या १८३६मध्ये म्हणे हा अंथरुणाला खिळला होता, त्या साली तो प्रचार करून काउंटीत सर्वाधिक मतांनी जिंकला आणि सप्टेंबरात त्याला वकिलीचा परवाना मिळाला. नैराश्याचा मोठा झटका आला तो १८४१च्या जानेवारीत. त्या दुखण्याची अशी चेष्टा करायचं कारण नाही.

१८३८चा ‘पराभव’ म्हणजे सभापतिपदाची निवडणूक. एकोणतिसाव्या वर्षी त्याच्या व्हिग पक्षाने सभापतिपदासाठी ज्याचं नाव पुढे केलं, त्याचं सभागृहातलं वजन काय असेल? राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफिल्डला नेण्याचा ठराव १८३७मध्ये झाला, त्यात त्याचा पुढाकार होता. त्याच वर्षी गुलामगिरीविरोधी संघटनांचा निषेध करणारा ठराव ७७ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. त्या सहांत लिंकन होता. मार्चमध्ये डॅन स्टोन या सहकाऱ्याबरोबर त्याने गुलामगिरी अन्यायावर उभी आहे असा लेखी निषेध कामकाजात नोंदवला. फॉरवर्ड करायचंच तर हे करा.

१८४३ आणि १८४८ झटपट उरकू. अमेरिकी संसदेतली (काँग्रेस) त्या भागातली जागा व्हिग पुढारी आळीपाळीने घेत होते. १८४३ला त्याची पाळी नव्हती. १८४६ला पाळी आली, तो जिंकला. १८४८ला उभाच राहिला नाही.

अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाचे सदस्य, म्हणजे सिनेटर, तेव्हा जनता निवडत नसे, विधानसभा निवडायची. १८५४ला लिंकन पुन्हा आमदार झाला आणि सिनेटसाठी पात्र राहावं म्हणून त्याने ती जागा सोडली. १८५५च्या पहिल्या फेरीत तोच पुढे होता. आपलं जमत नाही असं दिसताच त्याने आपली मतं लायमन ट्रंबलकडे वळवली, म्हणजे गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारा माणूस तरी जावा. १८५६ला नव्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्याला ११० मतं पडली, तेव्हा तो अधिवेशनाला नव्हताच, अर्बानाच्या कोर्टात होता. आणि १८५८ला सिनेटच्या लढतीत राज्यभरात त्याच्या रिपब्लिकनांना प्रतिस्पर्धी डग्लसच्या डेमोक्रॅटांपेक्षा जास्त मतं मिळाली, पण मतदारसंघांच्या जुन्या आखणीमुळे आमदार कमी आले. विधिमंडळात डग्लसला ५४, लिंकनला ४६.

यादीने वकिलीचं तर नावही घेतलेलं नाही. जवळपास पाव शतक, पाच हजारांहून जास्त प्रकरणं. आठव्या सर्किटमध्ये, म्हणजे फिरत्या कोर्टाच्या हद्दीत, न्यायाधीश आणि वकील एकत्रच गावोगाव फिरायचे, खानावळीत एकेका बिछान्यावर दोघं झोपायचे. इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा कराचा दावा त्याने जिंकून दिला. कंपनी फी देईना, तेव्हा तिच्यावरच दावा ठोकून पाच हजार डॉलर वसूल केले. या सर्किटचा न्यायाधीश होता डेव्हिड डेव्हिस. १८६०मध्ये शिकागोच्या पक्ष-अधिवेशनात लिंकनच्या उमेदवारीसाठी एकेका राज्याचे प्रतिनिधी जमवत हिंडणारा म्होरक्या हाच, आणि त्याच्या हाताखाली राबणाऱ्यांत सर्किटवरचे वकील होते.