पगाराला हात न लावता

शेठ, कामगारांचं मन कामात नाही ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे. पूर्वीचे कामगार आता राहिले नाहीत. पूर्वीचा पगार मात्र तुम्ही अजून जपून ठेवलाय, त्याचं कौतुक कोणी करत नाही. असो. भोसरी-चाकण पट्ट्यात पन्नास-साठ माणसांचं वर्कशॉप चालवणाऱ्या, दरवर्षी मोठ्या कंपनीकडून पीसचा भाव पाडून घेणाऱ्या आणि तो पडलेला भाव खाली हेल्परपर्यंत इमानदारीने पोचवणाऱ्या तुमच्यासारख्या मालकांसाठी हे चार शब्द.

सुरुवात वक्त्यापासून करा. टाय लावलेला, 'पॉझिटिव्ह एनर्जी' म्हणताना दोन्ही हात वर नेणारा वक्ता पुण्यात कुठेही मिळतो. त्याचं मानधन विचारू नका. विचारलं की तेवढ्यात किती जणांना पगारवाढ बसली असती हा अशुभ विचार मनात येतो. हा वक्ता फ्रेडरिक हर्झबर्गचा दाखला देईलच. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की पगार आणि सोयी कमी पडल्या तर माणूस नाराज होतो, पण त्या पुरेशा मिळाल्या म्हणून काही पेटून उठत नाही. पेटतो तो जबाबदारी मिळाली, शिकायला मिळालं, केलेल्या कामाची कदर झाली तर. तुम्ही यातलं एकच वाक्य वहीत उतरवून घ्या : 'पगाराने प्रेरणा मिळत नाही.' बाकीचं फळ्यावर राहू द्या. आणि जबाबदारी तर तुम्ही देताच की. माल रिजेक्ट होऊन परत आला की जबाबदारी ऑपरेटरचीच असते.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोगही वक्ता सांगेल. १९२४ मध्ये तिथे दिवे वाढवून पाहिले, उत्पादन वाढलं. दिवे कमी करून पाहिले, तरी वाढलं. ही गोष्ट ऐकून तुम्ही शेडमधल्या निम्म्या ट्यूब काढायला सांगाल, तर थांबा, ते वक्त्याच्या पुढच्या वाक्यापर्यंत लांबवा. पुढे तो सांगेल की कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय या जाणिवेनेच माणसं हुरूपाने काम करू लागली, असा अर्थ तिथे काढला गेला. लक्ष द्यायचं ना? मग कॅमेरे बसवा. एक शेडमध्ये, एक कॅन्टीनमध्ये, एक संडासाच्या वाटेवर. मोबाइलवर फुटेज बघत घरबसल्या दिवसभर लक्ष देता येतं.

मोटारवाल्या हेन्री फोर्डची गोष्ट मात्र कोणाला सांगू देऊ नका. १९१३ मध्ये त्याच्या कारखान्यात माणसं टिकेनात. चौदा हजारांच्या आसपास माणसं कामावर राहावीत म्हणून वर्षभरात ५२ हजारांवर भरती करावी लागली. तुमच्यासारखा विचारी माणूस असता तर त्याने वक्ता बोलावला असता. या गड्याने जानेवारी १९१४ मध्ये रोज पाच डॉलर जाहीर केले, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि वर नऊ तासांचे आठ केले. गेटवर रांगा लागल्या आणि सोडून जाणाऱ्यांचा ओघ आटला. असली उदाहरणं औद्योगिक शांततेला मारक असतात. फोर्डचं काही घ्यायचंच असेल तर एवढं घ्या, की कामगार घरी कसा राहतो, दारू पितो का, हे बघायला त्याने माणसं पाठवली होती.

तासांचा विषय निघाला तर आता मोठी माणसं तुमच्या बाजूला आहेत. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष पुढे ९० तासांपर्यंत गेले. तुमच्याकडे बारा तासांची शिफ्ट, सहा दिवस, झाले ७२. मूर्तींपेक्षा दोन तास पुढेच आहात, फक्त तुमची मुलाखत कोणी घेत नाही. वरच्या तासांना दुप्पट दराने ओव्हरटाईम द्यायचा असं कायदा म्हणतो. तुम्ही सिंगल द्या आणि वर चहा-वडापाव. एखादा म्हातारा फिटर नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव काढेल, त्यांच्या लढ्यामुळे जून १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली म्हणेल. त्याला शांतपणे सांगा, आपल्याकडे सुट्टी गुरुवारची असते.

आता दिवाळी. इथे घाई करू नका, वर्षाची सगळी प्रेरणा या चार दिवसांत वाटायची असते. आधी खंडेनवमीला मशिनं धुऊन-पुसून घ्या, झेंडूच्या माळा घाला, प्रेसपुढे नारळ फोडा. त्या दिवशी मशीनला विश्रांती, ऑइल आणि नमस्कार असं तिन्ही मिळतं. कामगाराने हेवा करू नये. मशीनवर बँकेचा हप्ता चालू आहे, त्याच्यावर नाही. मग बोनस. नोव्हेंबर २०२५ पर्यंत चाललेल्या १९६५ च्या बोनस कायद्यात किमान दर पुढे ८.३३ टक्के झाला आणि २०१५ च्या दुरुस्तीने हिशोबाला महिना ७,००० रुपयांची मर्यादा घातली. वर्षाचे झाले ८४ हजार, त्यावर ८.३३ टक्के म्हणजे ६,९९७. सात हजाराला तीन रुपये कमी पडतात, ते सोनपापडीच्या डब्यात भरून निघतात. त्या दुरुस्तीत 'किंवा किमान वेतन, यांपैकी जास्त असेल ते' असंही लिहिलं होतं. पण वाक्य लांब आहे आणि दिवाळीत तुम्हाला वेळ कुठे असतो?

डबा देण्याची एक पद्धत आहे. ऑफिसच्या दारात टेबल, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर तुमचा फोटो. नाव पुकारलं की माणसाने चपला बाहेर काढून यायचं. डब्याला तुमचेही हात, त्याचेही हात, आणि दोघांनी डब्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघायचं. फोटो नीट आला नाही तर डबा परत घ्यायचा आणि पुन्हा द्यायचा. लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या हजेरीवरची पोरं तेव्हा पार्किंगच्या कडेला उभी असतील. त्यांची नावं यादीत नाहीत, त्यांच्याकडे बघून नुसतं हसा.

याच कार्यक्रमात 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' हे वाक्य टाकायचं. टाळ्या सुपरवायझर सुरू करतो. हे कुटुंब जरा वेगळं आहे एवढंच. इथे मुलाला दर सात महिन्यांनी ब्रेक देऊन घराबाहेर काढतात, म्हणजे कायद्याने सलग नोकरी धरायला लागणारे त्याचे २४० दिवस भरत नाहीत, आणि पंधरवड्याने नव्या गेटपासवर पुन्हा जन्माला घालतात. पाच-पाच वेळा जन्मलेली पोरं तुमच्याच शेडमध्ये आहेत, प्रत्येक वेळी ट्रेनी म्हणून.

सुरक्षेचं राहिलं. ४ मार्चला सुरक्षा दिन असतो. सगळ्यांना ओळीत उभं करून शपथ द्या, छातीवर हिरवे बिल्ले लावा. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये म्हणून. म्हणजे त्या वेळी हात डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेर राहतात. तुमच्याकडे त्यातल्या एका बटणात लाकडाची पाचर मारून वर टेप गुंडाळलेली आहे, त्यामुळे एक हात पीस सरकवायला मोकळा राहतो आणि टार्गेट निघतं. शपथेचा फोटो काढताना ती प्रेस मागे येणार नाही एवढं बघा. बोटं गेलेल्या माणसाला वॉचमन करण्याची चाल आपल्याकडे आहेच. 'कंपनीने सोडलं नाही हो मला,' असं तो गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. यापेक्षा स्वस्त जाहिरात तुम्हाला मिळणार नाही.

एवढं करूनही कोणी युनियनचं नाव काढलं, तर मुंबईच्या गिरणी संपाची आठवण द्या. १८ जानेवारी १९८२, डॉक्टर दत्ता सामंत, अडीच लाखांच्या घरात कामगार, आणि पुढे काय झालं ते बघा म्हणावं. गिरण्यांच्या जमिनी पुढे कोणाच्या कामी आल्या आणि लोअर परळच्या चिमणीखाली आज कॉफी केवढ्याला मिळते, हा पुढचा भाग. तो वगळा.

आणि तरीही तुमचा सगळ्यात चांगला सेटर, म्हणजे मशीन कामाला लावून देणारा कारागीर, ज्याला तुम्ही दोनदा 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'चं सर्टिफिकेट लॅमिनेट करून दिलंत, समोरच्या गल्लीतल्या कंपनीत दीड हजार जास्त मिळतात म्हणून जाईल. कारण विचारलंत तर खाली बघेल. राजीनाम्यात 'घरगुती कारणास्तव' असं लिहील. शेठ, मनाला लावून घेऊ नका. त्याचा हिशोब दोन महिने अडकवून ठेवा, आणि तो विचारायला आला की चहा पाजा. घरगुती म्हणजे आपलंच कारण. तुम्ही त्याला कुटुंबातलाच मानत होतात ना?