शाल एक, सत्कार बारा

अभिनंदन! गावच्या वाचनालयाचे नवे कार्यवाह म्हणून तुमची एकमताने निवड झाली. एकमताने म्हणजे, ज्या सभेत ती झाली तिला तुम्ही सोडून सगळे हजर होते. घाबरू नका. ही खुर्ची मी एकोणीस वर्षं सांभाळली आणि तेवढ्या काळात एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचायची वेळ माझ्यावर आली नाही.

आधी पैशाचं बोलू, तो विषय लवकर संपतो. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे, त्याखाली मान्यता मिळते आणि मान्यतेबरोबर वर्ग मिळतो. अ, ब, क, ड. आपण ड. ड वर्गाचं वार्षिक अनुदान कित्येक वर्षं 30,000 रुपये होतं. 2022 मध्ये शासनाने 60 टक्के वाढ दिली, त्याचे 48,000 झाले. आपण गावात पेढे वाटले. पेढ्यांचं बिल कुठल्या खात्यात दाखवायचं यावर पुढच्या दोन सभा गेल्या. या रकमेतला निम्मा वाटा वेतनाचा. भागाकार करून बघा, महिन्याला 2,000 रुपये येतात. तेवढ्यात आपल्याकडे ग्रंथपाल बाई आहेत. त्या कुलूप उघडतात, झाडलोट करतात, देवघेव बघतात, दाखल नोंदवही लिहितात आणि सभेला चहा आणतात. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, बांधणी, हिशेबतपासणी आणि मराठी संस्कृती.

पैसे हप्त्याने येतात, त्यातला मोठा आनंद मार्चअखेरीला. म्हणून आपला ऑक्टोबरचा कार्यक्रम उधारीवर असतो आणि मार्चचा दणक्यात.

कार्यक्रम कोणते करायचे याचा विचार तुम्ही करायचा नाही. तो दिनदर्शिकेने करून ठेवला आहे. 14 ते 28 जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, 27 फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, 23 एप्रिल जागतिक पुस्तक दिन, 12 ऑगस्ट ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन. मधे जयंत्या आहेतच. 12 ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांचा फोटो लागतो. त्यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं सांगितली, त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. प्रास्ताविक, स्वागत, परिचय, सत्कार, मनोगत, पुन्हा मनोगत, अध्यक्षीय समारोप आणि आभार मिळून तीन तासांत आपण हे सूत्र दरवर्षी त्यांच्याच फोटोसमोर समजावून सांगतो. त्या दिवशी वाचनालय देवघेवीसाठी बंद असतं.

फलक एकच करा. आमचा 2016 चा आहे, अजून टिकून आहे. त्यावर ठळक अक्षरात फक्त ‘दिनानिमित्त’ छापलं आहे आणि आधी मोकळी जागा. तिथे कागद चिकटवायचा. एकदा घाईत कागद बदलायचा राहिला आणि कलामांच्या जयंतीला आम्ही मराठी भाषेचा गौरव केला. पाहुण्यांनी भाषणही भाषेवरच केलं. कुणाचंच काही बिघडलं नाही.

शालही एकच. इथे जरा नीट लक्ष द्या, सगळं अंदाजपत्रक या शालीवर उभं आहे. शाल खांद्यावर पडली की पाहुणा फोटोपुरती ती अंगावर ठेवतो, मग घडी घालून शेजारच्या खुर्चीवर ठेवतो. त्याच क्षणी कोषाध्यक्षांनी त्या खुर्चीवर बसायचं. उठताना घडी बगलेत. अशा रीतीने एका शालीत आम्ही वर्षाला बारा सत्कार केले आहेत. एकदाच फसलो. डिसेंबर होता, पाहुण्याला खरंच थंडी वाजत होती. तेव्हापासून मानाचे पाहुणे आम्ही उन्हाळ्यात बोलावतो. नारळाचा मोह मात्र धरू नका, नारळ परत मागितला की गावभर बोभाटा होतो.

हल्ली ‘बुके नको, बुक द्या’ अशी टूम निघाली आहे. ती खर्चिक आहे, तेव्हा तिच्यावर उतारा म्हणून पाहुणा कवी बघा. कवी स्वतःच्या संग्रहाच्या पाच प्रती घेऊनच येतो. त्या देणगी म्हणून दाखल होतात, ग्रंथसंख्या वाढते, तपासणीला दाखवायला बरं. आपल्या गावात एका कवीच्या बेचाळीस प्रती आहेत. गावात उंबरे पस्तीस.

श्रोते जिल्हा परिषदेच्या शाळेतून आणायचे. तिसरी-चौथीची मुलं उत्तम, ती उठून जाऊ शकत नाहीत. कॅमेरा खाली धरला की चाळीसची ऐंशी दिसतात. प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक द्या. राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजनेतून कोलकात्याहून आलेली द्या, ती कोरी आहेत आणि कपाटात ठेवल्यामुळे कोरीच राहिली आहेत. फोटो झाला की लगेच गोळा करा. गेल्या खेपेला उशीर झाला आणि एक पोरगा वाचायला लागला. पुस्तक काढून घेताना त्याने असा गळा काढला की अध्यक्षांचं ‘आजची पिढी वाचत नाही’ हे वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. बिस्किटाचे पुडे नंतर द्या.

वार्षिक अहवालाची सुरुवात रत्नागिरीच्या 1828 च्या वाचनालयापासून करा, मग 1848 चं पुण्याचं. तिसऱ्या परिच्छेदात आपलं. वाचणाऱ्याला वाटतं आपणही त्याच रांगेत आहोत. वाचणारा कोण, हा प्रश्न वेगळा.

आता धोक्याच्या गोष्टी. काही कार्यक्रम जवळजवळ फुकट होतात आणि लोक त्यांना आपणहून येतात. यांच्यापासून सांभाळून राहा.

पहिला धोका दिवाळी अंकांचा. 1909 साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेलं हे दुखणं अजून बरं होत नाही. थोडी जादा वर्गणी घेऊन महिना-दोन महिने सगळे अंक फिरवायचे, एवढीच योजना. आम्ही दोन वर्षं करून पाहिली. बायका संध्याकाळी यायला लागल्या. कोणता अंक कुणाकडे अडकलाय यावर भांडणं. कथा आवडली, नाही आवडली, यावर उभ्या-उभ्या अर्धा अर्धा तास बोलणं. बसायला खुर्च्या मागायला लागल्या! व्यासपीठ नाही, दीपप्रज्वलन नाही, अध्यक्ष नाहीत आणि गर्दी आहे, याला कार्यक्रम म्हणता येईल का? मंडळाने योजना तूर्त स्थगित केली. तूर्तला आता नऊ वर्षं होतील.

पोलीस भरतीची पोरं पुस्तकं घरून आणतात, पंखा आपला वापरतात. त्यांना सहन करा, हजेरीपटावर सह्या त्यांच्याच असतात.

सगळ्यात मोठा धोका ग्रंथपाल बाई. स्वभाव चांगला आहे, पण पुस्तकं वाचतात. तीन पावसाळ्यांपूर्वी एका बुधवारी वीज गेली आणि शाळेतून घरी निघालेली अकरा पोरं आपल्या ओसरीला अडकली. बाईंनी मेणबत्ती लावली आणि पेटीतलं एक पुस्तक मोठ्याने वाचायला घेतलं. गोष्ट विहिरीपाशी आल्यावर थांबल्या, म्हणाल्या, “पुढचं उद्या.” दुसऱ्या दिवशी वीज होती, पाऊस नव्हता, तरी एकोणीस पोरं आली. बरोबर एक आजी. तिसऱ्या दिवशी आजीने शेजारणीला आणलं. खर्च म्हणाल तर एक मेणबत्ती, तीही बाईंच्या घरची.

मंडळाची तातडीची सभा घ्यावी लागली. खर्च नाही तर पावती नाही, पावती नाही तर कार्यक्रम झाला कशावरून? इतिवृत्तात काय लिहायचं, ‘विहिरीपर्यंत वाचन झाले’? शेवटी उपाध्यक्षांनी तोडगा काढला. हा उपक्रम रीतसर सुरू करायचा. ‘कथावाचन उपक्रम उद्घाटन सोहळा’ ठरला. फलकावर कागद लागला. तालुक्याहून पाहुणे आले, त्यांना शाल पडली, उठली. सरस्वतीपूजन, ईशस्तवन, स्वागतगीत. पोरं पावणेदोन तास मांडी घालून बसली. आजींना मागे भिंतीशी बसवलं, कारण पुढच्या रांगेत मंडळ होतं. वेळेअभावी प्रत्यक्ष कथावाचन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. उपक्रम अत्यंत यशस्वी झाल्याचं आम्ही अहवालात नोंदवलं, छायाचित्रं जोडली आणि तो पुरस्काराच्या प्रस्तावालाही लावला. तुम्ही तेवढा पाठपुरावा करा.

एक पोरगी मात्र अजून येते. चौथीतली सातवीत गेली, पण शनिवारी दारात उभी राहते आणि विहिरीत शेवटी कोण होतं ते विचारते. बाईंनी तोंडी सांगायचं कबूल केलं, तर म्हणाली, सांगू नका, मी वाचीन. ते पुस्तक सोहळ्यात मांडायला म्हणून मोठ्या कपाटात गेलं आणि कपाटाची किल्ली नियमानुसार कार्यवाहांकडे असते. म्हणजे आता तुमच्याकडे. खरं तर मी ती निरोप समारंभातच तुमच्या हाती देणार होतो. तुम्ही त्यालाही आला नव्हता. त्या दिवशी शाल माझ्या खांद्यावर पडली, किल्ली मी घडीत ठेवली आणि कोषाध्यक्ष खुर्चीवर बसायच्या आत शाल घेऊन घरी आलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी ती मला घातली होती. ट्रंकेत आहे, डांबराच्या गोळ्या घालून. तुमच्या सवडीने या.