उशाशी पिस्तूल, खिशात चिक्की

मे महिना लागला की आमच्या ह्यूस्टनच्या मराठी मंडळींत कुणीतरी विचारतंच, "यलोस्टोनला जातोय, तंबूत राहणार आहोत. अस्वलं असतात म्हणे. गन न्यावी का?" की लगेच टेक्सासचं पाणी लागलेले तिघे-चौघे कॅलिबरवर उतरतात. टेन एमएम बरी की फोर्टी-फोर मॅग्नम, यावर चाळीस मेसेज पडतात. रात्री खाणं कुठे ठेवणार, हे एकही जण विचारत नाही. दरवेळी तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते. लांबलंय. चहा घेऊन बसा.

आधी कायदा, कारण निम्मे जण तिथेच गोंधळतात. २२ फेब्रुवारी २०१० पासून अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत भरलेली बंदूक बाळगता येते, पण ते उद्यान ज्या राज्यात येतं तिथल्या कायद्याप्रमाणे. यलोस्टोन वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो अशा तिघांत पसरलंय, तेव्हा तिन्ही वाचा. शिवाय बाळगायची परवानगी आहे, झाडायची नाही. उद्यानात गोळी चालवणं नियमाविरुद्धच आहे, आणि व्हिजिटर सेंटरमध्ये तर ती आतसुद्धा नेता येत नाही. ग्रिझली, म्हणजे इथलं मोठं तपकिरी अस्वल, १९७५ पासून संरक्षित आहे. जीव वाचवण्यासाठी मारलं तर कायदा तुमच्या बाजूने आहे, पण चौकशी व्हायची ती होतेच. आणि एच-वन-बी वाल्यांनो (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनो), तुमच्यासाठी खास: शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक जवळ ठेवणं हाच तुमच्यासाठी केंद्रीय गुन्हा आहे. मित्राची "जरा हातात घेऊन बघतो" हेसुद्धा अंगाशी येऊ शकतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षं काढून अस्वलापायी ती घालवू नका.

आता आमची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आम्ही चौघे यलोस्टोनमधल्या स्लू क्रीकला तीन रात्री राहिलो. मी, नवरा, एक मित्र आणि त्याची बायको. मित्राला इथे पक्या म्हणते, खरं नाव वेगळं आहे. पोस्ट टाकायच्या आधी त्याला वाचून दाखवली आहे. त्याने त्या वर्षी नवं पिस्तूल घेतलं होतं आणि ते न्यायचंच म्हणून बसला होता. मी म्हटलं, ने बाबा, पण आधी आमच्या मागच्या गल्लीत एक खेळ खेळू.

खेळ असा. मुलाला सायकलवर बसवलं, पुढे हँडलला उशी बांधली. हा ग्रिझली. तीस मीटरवरून सुसाट यायचं, आधी न सांगता. पक्या पाठीवर भरलेली सॅक घेऊन उभा, कमरेला होल्स्टर (पिस्तुलाची म्यान), त्यात मुलाची नर्फची खेळण्यातली बंदूक. पहिल्या वेळी होल्स्टरवर सॅकचा कमरपट्टा आडवा आला. दुसऱ्या वेळी बंदूक निघाली, पण तोवर उशी त्याच्या मांडीला लागून पुढे गेली होती. तिसऱ्या वेळी गोळी सुटली आणि शेजाऱ्यांच्या गुलाबाला लागली. ग्रिझली ताशी पंचावन्न किलोमीटरने धावू शकते, म्हणजे तीस मीटर दोन सेकंदांत. पोराची सायकल त्याच्या निम्म्या वेगानेही येत नव्हती.

मग माझी पाळी. बेअर स्प्रे म्हणजे अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा. त्याचा सरावाचा डबा मिळतो, त्यात तिखट नसतं, नुसता दाब असतो. फुशारकी मारत नाही, पहिल्या वेळी मी सेफ्टी क्लिप काढायलाच विसरले आणि खटका दाबत बसले. पण दुसऱ्या वेळी जमलं, कारण त्यात नेम धरायचा नसतो. समोर, जरा खालच्या बाजूला रोखायचं आणि ढग सोडायचा. अस्वल आपण होऊन त्या ढगात शिरतं. आत असतं काय, तर मिरचीचंच तिखट, कॅप्सेसिन आणि त्याची भावंडं, एक ते दोन टक्के. सात-आठ मीटरच्या पुढे भरवसा नाही आणि काही सेकंदांत डबा रिकामा.

पक्याला वाटलं, मी मुद्दाम असा खेळ मांडला की तो हरावा. रास्त शंका. म्हणून त्याला अभ्यास दाखवले. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या नोंदी तपासून दोन निबंध लिहिलेत. २००८ च्या निबंधात १९८५ ते २००६ मधल्या स्प्रेच्या ८३ घटना आहेत. ब्राऊन बेअर (ग्रिझली त्यांतलीच) ९२ टक्के वेळा थांबलं किंवा वळलं, आणि जवळून गाठ पडलेल्या माणसांपैकी ९८ टक्क्यांना खरचटलंही नाही. २०१२ च्या निबंधात बंदुकीच्या २६९ घटना आहेत, १८८३ पासूनच्या. पिस्तूल ८४ टक्के वेळा कामी आलं, लांब नळीची बंदूक ७६ टक्के. हे आकडे वाईट नाहीत, हे मी पक्यालाही कबूल केलं. पण त्यातच पुढे आहे की बंदूक जवळ असलेल्यांनी ती चालवली काय आणि न चालवली काय, जखमी होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही.

पक्याने नेमका आक्षेप काढला, इंजिनियर आहे शेवटी. म्हणाला, दोन्ही निबंधांतल्या घटना एकसारख्या नाहीत. खरं आहे. स्प्रेच्या बऱ्याच घटनांत अस्वल चिडून अंगावर आलेलं नव्हतं, वास घेत चौकशीला आलेलं होतं. त्यामुळे ९२ आणि ८४ शेजारी-शेजारी मांडून "बघा, स्प्रे जिंकला" असं मीही म्हणणार नाही. माझा मुद्दा त्याहून साधा आहे. हडबडलेल्या, महिन्यातून एकदा नेमबाजीच्या रेंजवर जाणाऱ्या माणसाच्या हातून काय होऊ शकतं, ते मी गल्लीत पाहिलं. आणि स्प्रे चुकून माझ्या नवऱ्याला लागला, तर तो तासभर रडेल आणि मला आयुष्यभर ऐकवेल. बास, एवढंच.

विमानाची गंमत ऐका. कुलूपबंद पेटीत, रिकामं करून, काउंटरवर सांगून पक्याचं पिस्तूल चेक-इन सामानातून मोंटानातल्या बोझमनला पोहोचलं. बेअर स्प्रे मात्र विमानात कुठेच चालत नाही, ना हातातल्या सामानात ना चेक-इनमध्ये. तो तिथे उतरून विकत घ्यावा लागतो. त्यामुळे गन घरूनच आणलेली माणसं "आता परत कशाला पन्नास डॉलर घालवा" म्हणत तशीच जंगलात जातात. मराठी माणसाला हा युक्तिवाद किती गोड लागतो, ते सांगायला नको.

दुसऱ्या रात्रीची गोष्ट लिहायची की नाही, यावर खूप विचार केला. तंबूंत पंधरा फुटांचं अंतर. अडीचच्या सुमाराला नवरा लघवीला उठला. टॉर्च मुद्दाम लावला नाही, म्हणे चांदणं छान होतं. परत येताना त्याच्या पायाखाली काटकी मोडली. पलीकडच्या तंबूतून पिस्तुलाची स्लाइड मागे ओढून सोडल्याचा, म्हणजे गोळी झाडायच्या तयारीचा, आवाज आला. खट-खटाक. तो आवाज मी रेंजवर एकदाच ऐकला होता, पण अंगावर काटा आला. नवरा ओरडला, "पक्या, अरे मी आहे, मी!" मग शांतता. मग पक्या बारीक आवाजात म्हणाला, "सॉरी रे." सकाळी दोघे हसत होते. मला हसू आलं नाही. तंबूचं कापड म्हणजे काय, आपल्या छत्रीइतकं. गोळीला ते दिसतसुद्धा नाही.

आणि सकाळी अंथरुणं गुंडाळताना पक्याच्या बायकोने त्याचं उशाचं जॅकेट झटकलं, तर खिशातून लोणावळ्याची शेंगदाण्याची चिक्की पडली. अर्धी खाल्लेली. पिस्तूल डोक्याच्या उजवीकडे आणि अस्वलाचं आमंत्रण डोक्याखाली! ती त्याला काय काय बोलली ते इथे लिहिता येणार नाही. मीही धुतल्या तांदळासारखी नव्हते, माझ्या पँटच्या खिशात व्हॅनिलाचा लिप बाम निघाला.

यलोस्टोनच्या आत जंगलात, पायी जायच्या बहुतेक मुक्कामांवर खाणं टांगायला आडवा खांब असतो. जमिनीपासून दहा फूट वर आणि बुंध्यापासून चार फूट बाहेर टांगायचं. दोर आपला आपण न्यायचा. नुसतं खाणं नाही, टूथपेस्ट, सनस्क्रीन, खरकटी भांडी, कचरा, सगळं वर. रांधायचं-जेवायचं तंबूपासून शंभर यार्ड लांब, आणि फोडणीचे कपडे घालून झोपायचं नाही. आपल्या लसणाच्या चटणीचा वास मला शेजारच्या अपार्टमेंटमधून येतो, अस्वलाच्या नाकाचं काय घेऊन बसलात. शरद ऋतूत ती थंडीच्या झोपेआधी दिवसाला वीस हजार कॅलरी खायच्या मागे असतात. १९६७ च्या ऑगस्टमध्ये ग्लेशियर नॅशनल पार्कात एकाच रात्री, दोन वेगळ्या ठिकाणी, दोन तरुण मुली ग्रिझलींनी मारल्या. त्याआधी तिथल्या एका लॉजवर पाहुण्यांना दाखवायला म्हणून अस्वलांना उरलंसुरलं टाकत असत. त्या रात्रीनंतर उद्यानांनी कचऱ्याकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली.

मी बुलढाण्याची. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला माझ्या आज्याचं शेत होतं. लाइट रात्री यायची, म्हणून पाणी द्यायला रात्रीच जावं लागायचं. खांद्यावर कुऱ्हाड असायची, पण आजा तिच्या भरवशावर नव्हता. वाटेभर स्वतःशीच मोठ्याने बोलत जायचा. मला म्हणायचा, "मुक्यानं जाऊ नोको पोरी, बोलत जाय." आपलं अस्वल वाळवी उकरण्यात गुंग असलं की त्याला पायरव कळत नाही, आणि दचकलं की थेट तोंडावर येतं. तिसऱ्या दिवशी स्लू क्रीकच्या वाटेवर वळणापलीकडे, साठेक मीटरवर, मुळं उकरणारी ग्रिझली दिसली. आम्ही चौघे आधीपासूनच बडबडत होतो (आमचा घसा हे आमचं पहिलं शस्त्र). तिने मान वर केली, नाकाने फुस्स केलं. मी क्लिप काढून डबा धरला आणि आम्ही न पळता मागे सरकलो. पक्याचा हातही स्प्रेच्याच डब्यावर होता, ते मी पाहिलं. ती वळली आणि चढावर निघून गेली.

अलास्कात काम करणारे शास्त्रज्ञ शॉटगन नेतात, उत्तर ध्रुवाकडच्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर वस्तीबाहेर पडताना ध्रुवीय अस्वलाला पळवून लावायचं साधन बरोबर असणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि तिथे बंदूकच न्यायला सांगतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. ती माणसं दर हंगामात सराव करतात. वारा उलटा असेल तर स्प्रे आपल्याच डोळ्यांत येतो, हेही खरं. मी बोलतेय ते वर्षातून चार दिवस सुट्टी काढून जाणाऱ्या आपल्यासारख्यांबद्दल.

परत येताना बोझमनच्या विमानतळावर आमचे दोन न वापरलेले डबे कुणाला द्यावेत म्हणून बघत होतो. नागपूरचं एक कुटुंब भेटलं, नुकतंच उतरलेलं, दोन लहान मुलं. काकू खूश झाल्या, दोनदा थँक्यू म्हणाल्या आणि डबा फिरवून बघत विचारलं, "हे अंगाला लावायचं की कपड्यांवर?"

आमचं विमान सुटायला अजून दोन तास होते. मी त्यांना बाहेरच्या बाकड्यावर बसवलं आणि क्लिप कशी काढायची तिथपासून सुरुवात केली.