आईला सांगणार का?

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका दवाखान्यात मी आठ वर्षं रिसेप्शनला बसते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली कधी कधी शाळेच्या ड्रेसवरच, एकट्या येतात. नाव, जन्मतारीख सांगून झाली की काचेजवळ वाकून हळूच विचारतात, "आईला सांगणार का?" कोणा एकीबद्दल इथे लिहिणं बरोबर नाही. उत्तर मात्र सगळ्यांना तेच देतो : तुला काही धोका आहे असं आम्हाला दिसलं नाही, तर तुझ्या परवानगीशिवाय नाही.

इथेही हे आयतं मिळालेलं नाही. १७७६ साली किंग्स्टनच्या डचेसवर नवरा जिवंत असताना दुसरं लग्न केल्याचा खटला चालला. पेशंटने विश्वासाने सांगितलेलं कोर्टात सांगायचं का, असं सर्जन सीझर हॉकिन्स यांनी विचारलं. आपणहून सांगणं अब्रूला बट्टा लावणारं, पण न्यायालयात सांगावंच लागेल, असं न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड म्हणाले. २०२४पर्यंत लागू असलेला आपला १८७२चा पुरावा कायदाही त्याच वळणाचा होता : अशिलाचं गुपित राखायची मुभा वकिलाला, डॉक्टरला नाही.

पुढे व्हिक्टोरिया गिलिक या आईचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सोळाखालच्या मुलीला आईवडिलांना विचारल्याशिवाय गर्भनिरोधकाचा सल्ला देऊ नये, ही तिची मागणी. १९८५मध्ये ती तीन विरुद्ध दोन मतांनी हरली. मुलीला पुरेशी समज असेल तर डॉक्टर तिचं गुपित राखू शकतो, असं ठरलं. मलाही मुलगी आहे, गिलिकबाईंची धास्ती मला कळते. तरी निकाल मला पटतो. मुलगी काचेपर्यंत आलीच नाही, तर तिच्यावर बळजबरी झालीय का, हे विचारणार कोण?

"त्यापेक्षा आपला पोक्सो बरा," असं गावाकडच्या मैत्रिणी म्हणतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या त्या कायद्याने अठराखालची मुलगी गरोदर आली की डॉक्टरने पोलिसांना कळवायलाच हवं, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अत्याचार दडपले जाऊ नयेत म्हणून हे केलं, आणि ती गरज खरी आहे. २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने थोडी वाट काढली : संमतीच्या संबंधातून राहिलेला गर्भ पाडायला आलेल्या मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना तिची ओळख सांगायची गरज नाही. पण पालक त्यातही आहेतच. जिला घरी सांगताच येत नाही, तिने कुठे जायचं?

माझी मावसबहीण बीड जिल्ह्यात नर्स आहे. तिथे ऊसतोडीला निघण्याआधी मुलींची लग्नं उरकतात. केसपेपर काढताना वय विचारलं की पोरगी खाली बघते आणि सासू घाईने म्हणते, "एकोणीस." बहीण एकोणीस लिहिते. मग सोळा वर्षांच्या त्या शरीराची जोखीमही एकोणिसाची समजूनच तपासली जाते.