वास्तू तथास्तु म्हणते म्हणे!

परवा एकाच सकाळी तीन ग्रुपांवर तोच मेसेज आला. वर समईचं चित्र आणि खाली उपदेश: घरात मरणाचा विषय काढू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मृत्युपत्र लिहिलं की आयुष्य घटतं आणि भावाभावांत फूट पडते, नॉमिनी लावला की पुरे. आजाऱ्याला आजार सांगू नये, धीर सुटतो. आणि आजाऱ्याचं श्वासाचं मशीन काढा म्हणणारी लेकरं लेकरं नव्हेत, कसाई. शेवटी ‘अकरा जणांना पाठवा’. एका ग्रुपवर तर माझ्या सख्ख्या मामानंच टाकला होता. मामाचं वय ७८, नावावर साडेचार एकर, आणि बांधावरून दोन पोरांची बोलचाल बंद.

मी गंगाखेडला तहसीलसमोर टेबल टाकून अर्ज, शपथपत्रं टाइप करतो. माणूस गेला की त्याची माणसं आधी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जातात आणि मग माझ्याकडं येतात. त्यामुळं या मेसेजला उत्तर द्यायचा थोडाफार हक्क मला आहे असं मी समजतो.

तथास्तुचं आधी बघू. माझ्या आजीनं शेवटचं लुगडं पेटीच्या तळाला घडी घालून ठेवलं होतं, शेजारी काशीच्या पाण्याचा बंद गडू. दर दिवाळीला लुगड्याला ऊन दाखवायची आणि सुनांना बजावायची, “हेच नेसवा गं, ते नायलॉनचं नको.” असं एकोणीस वर्षं चाललं. वास्तू तिच्या बाबतीत बहिरी असावी. आणि मरण एवढं अशुभ असेल तर पैठणला नाथषष्ठीला आपण दिंड्या कशाला नेतो? तो नाथांनी गोदावरीत देह ठेवल्याचा दिवस. १५९९ सालचा. त्या दिवशी लाखभर माणूस वाळवंटात जमतो आणि पुढं काला खाऊनच घरी येतो.

आता मृत्युपत्र. ‘फूट पडते’ हे वाक्य मी टेबलावर रोज उलटं बघतो. उन्हाळ्यात एक मावशी आली, हातात खताची रिकामी पिशवी, त्यात नवऱ्याचे सगळे कागद. तीन बँकांची पासबुकं, एका पतसंस्थेची पावती, सोसायटीच्या कर्जाची नोटीस आणि सातबारा. त्या सातबाऱ्यावर अजून आजेसासऱ्याचं नाव. म्हटलं, मावशे, हातउसने कुणाकडून घेतलेत का? म्हणाली, “दोघं जण दारात येऊन बसतेत. खरं की खोटं, मला काय ठावं? ते कधी बोललेच न्हाईत.” नवरा जाऊन चार महिने झाले होते. वारसानं तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं, हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. या घरात मरणाचा विषय कधीच निघाला नव्हता, आणि दीर-भावजय माझ्याच टेबलासमोर भांडत होते.

मृत्युपत्राला बाँड लागत नाही. साधा कोरा कागद चालतो. करणाऱ्यानं दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्या दोघांनी त्याच्यासमोर. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात एवढंच मागितलंय. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्यावी. ज्याला वाटा द्यायचा त्यालाच साक्षीला बसवू नये, पुढं तोच वादाचा मुद्दा होतो. मन बदललं तर दुसरं करा, दहावं करा, शेवटचं खरं. वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच लिहिता येतं, हे मात्र पुष्कळांना पटवावं लागतं. काहीच लिहिलं नाही तर आपल्याकडं हिंदू माणसाचा हिस्सा बायको, पोरं, पोरी आणि आई हयात असेल तर आई, यांच्यात सारखा जातो. लेकींना वगळण्यासाठी मृत्युपत्र करायला येणारे बापही मी बघितलेत. ते टाइप करताना माझा हात जड होतो. पण तो दोष कागदाचा नव्हे.

‘नॉमिनी लावला की पुरे’ हे तर सपशेल चूक. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं हे १९८३ साली विम्याबद्दल सांगितलं, २०१० मध्ये बँकेच्या खात्याबद्दल आणि २०२३ मध्ये शेअर्सबद्दल. विम्यात २०१५ पासून एवढा फरक पडला की आईबाप, नवरा-बायको किंवा लेकरं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच धरतात. बाकी ठिकाणी वारस येऊन मागू शकतात आणि मागतातच.

‘कसाई’ हा शब्द वाचून मला राग आला, तो लपवत नाही. बरं होण्याची आशा उरलेली नसताना यंत्रावर ठेवू नका, असं शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ९ मार्च २०१८ ला मान्य केला. आधी त्याला न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून कुणी फिरकत नव्हतं. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं. पोरांनी म्हटलं आणि मशीन बंद झालं, असंही होत नाही. दवाखान्यातलं डॉक्टरांचं एक मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ बघतं, त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर असतो. इंजेक्शन देऊन मारणं आजही गुन्हाच आहे. मी असली इच्छापत्रं आजवर दोनच टाइप केली, दोन्ही निवृत्त मास्तरांची. एकानं जाताना चहा पाजला.

धीर सुटण्याचं शेवटी ठेवलं, कारण ते घरचं आहे. माझी पुतणी नर्सिंगला आहे. तिनं मला २०१० सालचा बोस्टनचा एक अभ्यास वाचून दाखवला. फुप्फुसाच्या कॅन्सरचे १५१ रुग्ण. त्यातल्या काहींना नेहमीच्या उपचारासोबत पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर दिली, म्हणजे दुखणं कमी करायचं आणि पुढं काय होणार, तुम्हाला काय हवंय, हे बसून बोलायचं. ते साधारण साडेअकरा महिने जगले, बाकीचे नऊच्या आसपास. बोलल्यानं आयुष्य घटल्याचं काही दिसलं नाही.

हे मला बापाच्या वेळी माहीत असतं तर? आम्ही तिघा भावांनी ठरवून त्याला ‘आतड्याला सूज आहे’ सांगितलं आणि संभाजीनगरला न्यायला लागलो. दवाखान्याच्या दारावर हातभर अक्षरांत ‘कर्करोग’ लिहिलेलं. बाप सातवी शिकलेला. पाटीकडं बघायचा, मग आमच्याकडं, आणि म्हणायचा, “सूज उतरंल म्हंत्यात डॉक्टर.” पाच महिने तो आम्हाला धीर देत होता. कुणाला काय द्यायचंय, कुणाकडून काय यायचंय, एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर आमचं खोटं उघडं पडलं असतं ना.

दहाव्याला गंगेवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या लिंबावर बसलेले, खाली यायला तयार नाहीत. थोरला म्हणाला, विहिरीचं काम पुरं करतो. मी म्हटलं, मायला अंतर देणार नाही. धाकट्यानं बैलजोडीचं नाव घेतलं. आत्या पुढं आली, “दादा, नातीचं लगीन आम्ही करतो, ये रे बाबा.” एकेक जण पुढं येऊन अंदाज बांधत होता. पाऊण तास झाला, ऊन डोक्यावर आलं. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि सगळ्यांना आंघोळीला जा म्हणून सांगितलं.