उठलास का? उठलास का? उठलास का?

आमचं ॲप माझ्या लॅपटॉपवर चालतं. हे वाक्य मी टीमच्या मीटिंगमध्ये छाती काढून बोललो आणि तिथेच चुकलो, कारण मग ठरलं की ते कंटेनरमध्ये (लागणाऱ्या सगळ्या सामानासकट बांधलेल्या डब्यात) घालून क्लाउडवरच्या कुबरनेटिस क्लस्टरवर (असे डबे चालवणाऱ्या, बंद पडले तर पुन्हा उठवणाऱ्या मशीनच्या ताफ्यावर) तूच चढव. मॅनेज्ड क्लस्टर आहे, म्हणजे क्लाउड कंपनीच तो सांभाळते, तुला काही करायचं नाहीये, असंही वर सांगण्यात आलं.

सुरुवातीची विघ्नं पटापट सांगून टाकतो. यामल नावाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक टॅब घुसला होता (स्पेसच लागते त्याला, सोवळं आहे), मग इमेज (कंटेनरचा साचा) माझ्या एआरएम प्रोसेसरवाल्या लॅपटॉपवर बिल्ड केलेली आणि नोड (क्लस्टरमधली मशीन) निघाले इंटेलचे, त्यामुळे एक्झेक फॉरमॅट एरर, म्हणजे हा प्रोग्राम या मशीनवर चालणार नाही. हे सगळं तासाभरात निस्तरलं.

खरी गंमत पुढे. पॉड (क्लस्टरवर कंटेनर ज्यात चालतो तो) रनिंग दिसायचा, मी खुर्चीत जरा मागे टेकायचो की लगेच रिस्टार्ट. परत रनिंग, परत रिस्टार्ट, थोड्या वेळाने क्रॅशलूपबॅकऑफ. या बॅकऑफमध्ये क्लस्टर आधी १० सेकंद थांबतो, मग २०, मग ४०, असं दुप्पट करत करत ५ मिनिटांपर्यंत जातो. रुसलेल्या माणसासारखं. आणि आपण काय करायचं, तर बघत बसायचं.

लॉग दर वेळी एकाच ओळीवर तुटायचा: "डेटाबेसशी कनेक्ट होत आहे". म्हणजे डेटाबेसच, दुसरं कोण! दोन तास त्या बिचाऱ्याची उलटतपासणी केली, पासवर्ड बदलला, फायरवॉल बघितली, मेमरी दुप्पट करून पाहिली. तो निर्दोष होता.

मग एक्झिट कोडकडे, म्हणजे प्रोग्राम बंद होताना मागे ठेवतो त्या आकड्याकडे, लक्ष गेलं. १४३. सिग्नल मिळून प्रोग्राम बंद झाला की कोड १२८ अधिक सिग्नलचा नंबर असा येतो, म्हणजे इथे १२८ अधिक १५, आणि १५ नंबरचा सिग्नल म्हणजे "बाबा रे, आता आवर". ॲप स्वतःहून मरतच नव्हतं, कुणीतरी बाहेरून त्याला सभ्यपणे उठवून लावत होतं! पॉडवर डिस्क्राइब ही कमांड चालवून खालचे इव्हेंट, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, वाचले (जे मी सगळ्यात आधी वाचायला हवे होते, पण माहितीये हो मला) तर तिथे स्वच्छ लिहिलेलं, लाइव्हनेस प्रोब फेल.

प्रोब म्हणजे ॲप जिवंत आहे ना हे विचारणारा पहारेकरी. तो दर १० सेकंदांनी विचारतो, उठलास का? तीनदा उत्तर नाही आलं की कंटेनर बंद करून पुन्हा चालू. आमच्या ॲपला उठायलाच ४५ सेकंद लागतात. म्हणजे ते बिचारं डोळे चोळत, एक पाय खाली ठेवतंय तोवर हा त्याला परत झोपवून पहिल्यापासून उठवायला सुरुवात करणार, आणि हे सगळं त्याच्या तब्येतीच्या काळजीपोटी!

स्टार्टअप प्रोब घातला, चार ओळी, म्हणजे उठेपर्यंत पहारेकऱ्याने गप्प बसायचं. अप्लाय केलं. नवा पॉड आला, रनिंग झाला, टिकला.

स्टेटसच्या शेजारच्या रकान्यात रिस्टार्ट्स: ०. नवा पॉड म्हणजे कोरी पाटी, माझ्या चार तासांची कुठे नोंदच नाही. मॅनेजरने ते शून्य बघितलं आणि म्हणाला, "बघ, म्हटलं होतं ना, काही करायचं नसतं."