सातशे नव्याण्णव रुपयांचे चिंचोके

संध्याकाळी खेळण्यांच्या दुकानात 'पारंपरिक खेळ' असं छापलेला एक खोका पाहिला. किंमत ७९९. आत घरं छापलेलं कापड, प्लॅस्टिकच्या चार कवड्या, सोळा सोंगट्या. आपला अष्टा-चंग हो, दुसरं काही नाही! सहा-सात वर्षांचा एक पोरगा तो खोका कानाशी धरून हलवत होता, आतला खुळखुळ ऐकत. काउंटरवरून आवाज आला, "सील तोडायचं नाही हं." पोराने खोका खाली ठेवला. आईने बिल केलं. तेव्हापासून डोकं फिरलंय.

बाजूला नमुन्याचा उघडा खोका होता. त्यातल्या कवड्या टाकून पाहिल्या. पाठीकडून पोकळ नि हलक्या, तळाकडून जड. दहापैकी नऊ वेळा एकाच अंगावर पडतात. अशा कवड्यांनी खेळणार काय, कपाळ? आणि नियमांच्या कागदावर मारामारीच नाही! दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही, हा या खेळाचा जीव. तोच काढून टाकलाय. पोरांना वाईट वाटू नये म्हणून असेल.

आता खर्चाचं बघू. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखा. चारही कडांच्या मधल्या घरात आणि अगदी मध्यावर फुली मारा. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही. आपापल्या कडेच्या फुलीतून निघायचं, बाहेरची सोळा घरं घड्याळाच्या उलट दिशेने चालायची, आतली आठ सुलट दिशेने, मग मध्य. चोवीस घरं चाललं की सोंगटी पिकली. प्रत्येकी चार सोंगट्या: बटणं, खडे, शेंगांची टरफलं, काहीही, फक्त चौघांच्या वेगवेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. गावोगाव थोडाफार फरक असतो, त्यावरून कमेंटमध्ये भांडू नका.

दान टाकायला चार अर्धे चिंचोके. इथेच बहुतेकांचं चुकतं. फुटायला सोपे जातील म्हणून लोक चिंचोके आधी भाजतात. भाजला की वरचं तपकिरी साल सुटतं आणि चिंचोका दोन्हीकडून पांढरा होतो. मग पालथा कोणता नि उताणा कोणता? कच्चाच घ्या. पाट्यावर कडेवर उभा धरायचा, चिमट्यात धरला तर उत्तम, आणि वरून वरवंट्याचा एकच बेताचा ठोका. चिंचोक्याची मुळातच दोन दळं असतात, सांध्यावर नीट दुभंगतो. पाठ तपकिरी, पोट पांढरं. ठोका मोठ्या माणसाने घालायचा. चपटे, एका मापाचे चार निवडा. फार फुगीर पाठीचा असेल तर तो डुलतो आणि कुठल्या अंगावर पडला यावरून तंटा होतो.

दुसरा मार्ग खरखरीत फरशीवर घासण्याचा. वेळ लागतो, पण हा भाग पोरांचा. घासून तापलेला चिंचोका शेजारच्याच्या दंडाला टेकवायचा असतो हे त्यांना शिकवावं लागत नाही. अर्ध्यावर थांबायचं. जास्त घासला तर पापडासारखा पातळ होतो आणि उडतो.

जितकी पांढरी वर तितकं दान. चारही पांढरी म्हणजे चंग, चार. चारही तपकिरी म्हणजे अष्टा, आठ. दोन्हींना पुन्हा एक डाव. चिंचोका दोन्ही अंगांवर सारखाच पडतो असं धरलं तर सोळा शक्यतांत चंग एकदा, अष्टा एकदा, आणि दोनचं दान सहा वेळा. दुसरी-तिसरीतलं पोर हे वहीत रेघा मारून स्वतः शोधू शकतं.

हो, वेळ कोणाला आहे, हे मान्य. त्या बाईच्या खांद्याला ऑफिसची बॅग होती, रात्रीचे आठ वाजत आले होते, तिच्यावर राग नाहीच. तिने पोरासाठी काहीतरी केलं. आणि लहान भावंड घरात असेल तर चिंचोके डब्यात बंदच हवेत, तोंडात घालतात, तेही मान्य.

पण त्याच मांडणीवर 'छोटा शेफ' खोका होता, त्यात छोटं लाटणं आणि लाडू मिक्सचं पाकीट! इथे मात्र माझी सहनशक्ती संपते. सात वर्षांच्या हाताला जमणारा लाडू आपल्याकडे रोज शिळा पडलेला असतो. कालच्या चार पोळ्या, अर्धी वाटी किसलेला गूळ, दोन चमचे पातळ केलेलं तूप, असली तर वेलची. पोळ्या हाताने कुस्करायच्या, ताटभर पसारा होऊ द्यायचा. मिक्सर वापरलात तर थांबत-थांबत, सलग फिरवला की पीठ होतं. ताज्या पोळीचा हा लाडू होत नाही. तिच्यात वाफ असते, गिचका होतो. गूळ मऊ, साधा. चिक्कीचा घेऊ नका आणि विस्तवावर वितळवू तर अजिबात नका, लाडू दुसऱ्या दिवशी दगड होतात. वळत नसेल तर आणखी चमचाभर कोमट तूप. दुधाचा हात लावलात तर त्याच दिवशी संपवा. सहा-सात लाडू होतात, वाकडेतिकडे. ते तसेच चांगले.

लाडूला गॅस लागत नाही, सुरी लागत नाही. वयाची अट एकच, हात धुतलेले हवेत.

तो पोरगा खोका कानाशी धरून होता ना, त्याला कापडाचं काही पडलं नव्हतं. मुठीत चार तुकडे खुळखुळवून जमिनीवर फेकायचे, एवढंच हवं होतं. घरी गेल्यावर सील तुटलं असेल अशी आशा आहे. आईही बसली असेल एक डाव. बसली असेल तर माझं सगळं मागे घेते, कागदावरच्या त्या नियमांचं सोडून.

चिंचोके कुठे मिळतात असं विचारणार असाल तर सांगते. चैत्र-वैशाखात वर्षाची चिंच फोडणारं एखादं घर अजून ओळखीत असतंच, त्यांच्याकडे पिशवीभर पडलेले असतात. नाहीतर बाजारात अख्खी चिंच मागा. चिंचोके काढलेली गोळा-चिंच घेतलीत तर एकही हाती लागणार नाही. दहा-बारा आणा, फोडताना निम्मे वाया जातात. आणि आज रात्री पोळ्या चार जास्त लाटा.